दाबून धरायचा नळ

सातपूरच्या आमच्या शाळेत पिण्याच्या पाण्याचे नळ चार.
गंगापूर धरण एवढं जवळ, तरी त्यातले तीन कोरडे.
चौथा दाबून धरावा लागतो;
सोडला की चटकन मिटतो,
साहेब तपासणीला आल्यावर
आमची तोंडं मिटतात तसा.

आज तिसरीला 'आदर' होता.
फळ्यावर लिहिला, खाली दोन रेघा मारल्या,
म्हटलं, सांगा, आदर म्हणजे काय?
यशोदीप म्हणाला, साहेब आले की उभं राहायचं.
निकिता भोये म्हणाली, पाया पडायचं.
तौफिका म्हणाली, मोठ्यांना उलटं बोलायचं नाही.
आणि मागच्या भिंतीपासून अंकुश पगारे,
जो एरवी हजेरीलासुद्धा नुसता हात वर करतो,
म्हणाला, ज्याच्याकडे चारचाकी, त्याला अहो म्हणायचं.

वर्ग हसला. मीही हसले,
आणि हसता हसता पुढच्या प्रश्नावर गेले.
शेवटी गाईडमधलंच लिहून दिलं.
सगळ्यांनी उतरवून घेतलं,
माझ्या एका चुकलेल्या वेलांटीसकट.

मधली सुट्टी. पलीकडच्या कंपनीचा भोंगा,
खिचडीचा वास, ताटल्यांचा खणखणाट.
माझी बाटली रिकामी,
मोबाईलवर भरायची माहिती अर्धी राहिलेली.
सरळ नळापाशी गेले, "सरका रे" म्हणाले,
आणि सरकली पोरं, सवयीनं.

तौफिका सरकली नाही.
नळावर अंगठा तसाच.
"बाई, रांग आहे."
उलटं नाही बोलली.
किती वाजले ते सांगावं, तसं बोलली.

क्षणभर माझी एकवीस वर्षांची नोकरी
घशाशी आली.
मग मी मागे गेले, अगदी मागे,
पहिलीतल्या एका शेंबड्या मुलाच्या पाठीशी.

रांगेतून शाळा वेगळी दिसते.
उसवलेल्या कॉलरी दिसतात,
शर्टावर दुसऱ्याच शाळेचा बिल्ला दिसतो,
कुणाची वेणी घरी घातलेली,
कुणाची बहिणीनं वाटेत घातलेली, तेही कळतं.
आणि मला दिसलं, की ओंजळीला दोन्ही हात लागतात.
मग नळ दाबणार कोण?
मागचा दाबतो. पुढचा पितो.
पुढचा पिऊन झाला की मागचा वाकतो,
त्याच्यासाठी त्याच्या मागचा.
हे मी शिकवलेलं नाही.

यशोदीपची आजी जूनमध्ये सांगून गेली होती,
आमच्याला घरची बाटली आहे बरं का बाई,
तिथलं नका पिऊ देऊ,
कोणाकोणाचे हात लागतात.
मी "बरं" म्हणाले होते.
ती बाटली आज कठड्यावर होती, गळ्यापर्यंत भरलेली,
आणि यशोदीप ओंजळ धरून वाकलेला.
नळ दाबत होता अंकुश पगारे,
अंगठा पांढरा पडेपर्यंत.
पाणी हनुवटीवरून शर्टात चाललेलं.
दोघांनाही त्यात काही विशेष वाटत नव्हतं.
एकानं ढेकर दिली, दुसरा हसला, एवढंच.

माझा नंबर येईतो घंटा झाली.
माझ्या मागे कुणी नाही.
खरं तर बाटली एका हातानं धरता येते,
दुसऱ्यानं नळ दाबता येतो.
तरी तो शेंबडा मुलगा जाता जाता परत आला,
टाचा उंचावून, दोन्ही हातांचा जोर लावून
नळावर लोंबकळला,
आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "लवकर."

वर्गात आले तेव्हा बाही ओली होती.
फळ्यावर आदर तसाच, खाली दोन रेघा.
आधी सगळ्यांना वेलांटी सुधारायला लावली,
म्हटलं, चूक माझी होती.
मग म्हटलं, अंकुश,
मघाचं तुझं उत्तर परत सांग.
मी नीट ऐकलं नव्हतं.

तो उभा राहिला.
आधी वर्गाकडे पाहिलं, कोण हसतंय का.
मग माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ,
मी हसतेय का.